पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (क्रिकेटच्या नोंदींनुसार जन्म: १९ मार्च १८७६, धारवाड, मृत्यू: ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू व राजकीय कार्यकर्ते होते. संथ डावखुरी फिरकी गोलंदाजी करणाऱ्या बाळूंची गणना भारतातील पहिल्या थोर गोलंदाजांत होते. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातून पुढे येऊन अखिल भारतीय कीर्ती मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू होत. पुण्याच्या युरोपियन क्लबात मैदानावरील नोकर म्हणून त्यांनी गोलंदाजीचे शिक्षण घेतले. तथापि सामन्यात खेळण्याची संधी त्यांना तो क्लब देऊ शकत नव्हता. ती मिळवण्यासाठी त्यांना आधी पुण्यातील हिंदू संघाकडे व नंतर मुंबईकडे जावे लागले. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघाचे ते सर्वांत यशस्वी गोलंदाज होते. शिवराम, गणपत व विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधूही नामवंत क्रिकेटपटू होते.

प्रारंभिक जीवन

पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण या गावावरून आले आहे. बाळूंचा जन्म धारवाड येथे झाला. मात्र त्यांच्या बालपणीच हे कुटुंब पुण्यात येऊन स्थायिक झाले. त्यांचे वडील लष्कराच्या नोकरीत होते. त्या काळी पुणे ही मुंबई सरकारची पावसाळ्यातील राजधानी होती. लष्कर भाग व खडकी येथील छावण्यांमुळे शहरात ब्रिटिश अधिकाऱ्यांची मोठी वस्ती होती आणि त्यांच्या करमणुकीत क्रिकेटला महत्त्वाचे स्थान होते. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले चेंडू व फळ्या घेऊन बाळू व त्यांचे बंधू क्रिकेट खेळू लागले. घरची परिस्थिती बेताची असल्याने बाळूंना फारसे शालेय शिक्षण घेता आले नाही आणि लहान वयातच अर्थार्जनासाठी बाहेर पडावे लागले.

त्यांची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे आणि प्रसंगी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम असे. त्याबद्दल त्यांना महिना ३ रुपये मिळत. भारतीयांपैकी क्रिकेट प्रथम आत्मसात केले ते पारशी समाजाने. १८८६ व १८८८ मध्ये पारशी संघ इंग्लंडचा दौरा करून आले होते. त्यामुळे बाळूंना कोवळ्या वयात चांगल्या दर्जाचा खेळ जवळून पाहायला मिळाला.

पूना क्लबातील वर्षे

१८९२ च्या सुमारास बाळू युरोपियनांच्या पूना क्लबात नोकरीस लागले. येथे त्यांचे वेतन महिना ४ रुपये झाले. खेळपट्टी तयार करणे, सरावाच्या जाळ्या उभारणे, मैदानाच्या रेषा आखणे आणि गरज पडल्यास टेनिसची मैदाने सज्ज करणे ही कामे त्यांच्याकडे होती. क्लबातील ट्रॉस नावाच्या सभासदाने त्यांना जाळीत गोलंदाजी करण्यास प्रथम उत्तेजन दिले, असे सांगितले जाते. बार्टन या अधिकाऱ्याच्या डावखुऱ्या गोलंदाजीचे निरीक्षण करून बाळूंनी आपली सहज व लयबद्ध शैली घडवली.

या क्लबातील सर्वांत निष्णात फलंदाज जॉन ग्लेनी ग्रेग हे होते. क्रिकेटच्या वर्तुळात ते जंगली या टोपणनावाने ओळखले जात. इतर सभासद येण्यापूर्वीच ग्रेग मैदानावर हजर होत आणि बाळूंना तासनतास गोलंदाजी करायला लावत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे त्यांनी कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. महिना ४ रुपये मिळवणाऱ्या तरुणासाठी ही रक्कम लहान नव्हती. या सरावाने ग्रेग यांची फलंदाजी सुधारली, तशीच बाळूंची गोलंदाजीही घडत गेली. चेंडूला दिलेली उंची, टप्प्यातील बदल, दोन्ही बाजूंना वळणारी फिरकी व अचूकता हे त्यांच्या गोलंदाजीचे पुढे प्रसिद्ध झालेले गुण याच जाळीत तयार झाले.

मात्र ही सर्व गोलंदाजी सरावापुरतीच होती. क्लबाच्या संघात केवळ युरोपियनांनाच स्थान असल्याने तेथील उत्तम खेळपट्टी, उत्तम साहित्य व उत्तम फलंदाज यांच्या सान्निध्यात राहूनही बाळूंना क्लबातर्फे सामना खेळता येणे शक्य नव्हते. जाळीतही त्यांच्या वाट्याला चेंडूच येत असे, फळी नाही. इतकी वर्षे गोलंदाजी करूनही पूना क्लबात आपल्याला एकदाही फलंदाजी मिळाली नाही, असे त्यांनी पुढे सांगितल्याची नोंद आहे.

पुण्याच्या हिंदू संघात प्रवेश

पूना क्लबातील या गोलंदाजाची ख्याती हळूहळू शहरभर पसरली. पुण्यातील हिंदू खेळाडूंच्या क्लबाला युरोपियनांच्या संघाशी सामने खेळायचे होते. ग्रेग यांच्यासारख्या फलंदाजाला रोज चेंडू टाकणारा गोलंदाज आपल्याकडे असावा, असे काहींना वाटू लागले. या प्रश्नावर क्लबात दोन तट पडले. काही तेलुगू खेळाडू बाळूंना घेण्याच्या बाजूने होते, तर काही ब्राह्मण सभासदांचा त्यास विरोध होता. अस्पृश्य मानलेल्या व्यक्तीबरोबर एकाच मैदानावर खेळणे व एकाच चेंडूला हात लावणे त्यांना मान्य नव्हते. अशा वेळी बाळूंना वगळणे हिंदूंच्याच तोट्याचे ठरेल, असे मत ग्रेग यांनी जाहीरपणे मांडले. अखेर बाळूंना संघात घेण्यात आले.

या प्रवेशाने त्यांना मैदान खुले झाले. मैदानाबाहेरचे नियम मात्र तसेच राहिले. खेळताना सर्व खेळाडू एकाच चेंडूला हात लावत. चहापानाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई, तर इतरांना तो तंबूत चिनी मातीच्या पेल्यांतून मिळे. जेवणासाठी त्यांची पंगत निराळी असे. हातपाय धुण्यासाठीही त्यांना वेगळ्या ठिकाणी जावे लागे आणि त्यांना पाणी देणारा नोकर त्यांच्यासारखाच अस्पृश्य मानलेल्या समाजातील असे.

बाळूंच्या गोलंदाजीच्या बळावर पुण्याच्या हिंदूंनी पूना क्लबाच्या युरोपियन संघाचा पराभव केला. ज्या फलंदाजांना त्यांनी वर्षानुवर्षे सराव दिला, त्यांच्याविरुद्ध ते आता सामन्यात गोलंदाजी करत होते. साताऱ्याच्या सामन्याची हकीकतही प्रसिद्ध आहे. तेथील युरोपियन जिमखान्याने बाळूंची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरवून ती टणक करून घेतली होती. तरीही बाळूंनी ७ गडी बाद करून हिंदूंना विजय मिळवून दिला. या कामगिरीनंतर पुण्यात त्यांचा जाहीर गौरव झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व लोकमान्य टिळक या परस्परविरोधी मतांच्या दोन नेत्यांनी त्यांचे कौतुक केले. मैदानावर बाळूंबरोबर खेळणाऱ्यांनी त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यातही भेद मानू नये, असा आग्रह रानडे यांनी धरला.

मुंबईस स्थलांतर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या साथीच्या काळात, बाळूंनी पुणे सोडून मुंबई गाठली. मुंबई हे त्या वेळी भारतीय क्रिकेटचे केंद्र होते. पुण्यात मोजके सामने होत. मुंबईत मात्र कार्यालये, रेल्वे कंपन्या, लष्करी पलटणी व जातिनिहाय क्लब यांचे संघ मैदानांवर नियमित खेळत. बाळूंनी काही काळ एका लष्करी पलटणीत काम केले व तिच्या संघातून ते खेळले. पुढे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि त्या कंपनीच्या संघाचेही ते प्रमुख खेळाडू झाले. खेळासाठी सोय करून देणाऱ्या नोकरीची ही पद्धत पुढील अनेक दशके भारतीय क्रिकेटचा आधार राहिली.

मुंबईतील हिंदूंचे क्रिकेट त्या काळी जात व भाषा यांनुसार विभागलेले होते. गौड सारस्वत, क्षत्रिय, गुजराती, मराठा, तेलुगू अशा विविध समूहांचे निरनिराळे क्लब होते. त्यांतील उत्तम खेळाडूंना एकत्र आणणारी संस्था म्हणजे १८९४ मध्ये स्थापन झालेला परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना. बाळूंना जिमखान्यात घेण्यास काही गुजराती सभासदांनी विरोध केला. परंतु जिमखान्याचे कर्णधार कीर्तिकर यांच्या प्रयत्नांमुळे त्यांना प्रवेश मिळाला. पुण्यात निर्माण झालेला प्रश्न मुंबईतही पुन्हा उभा राहिला आणि तेथेही त्याचे उत्तर बाळूंच्या गोलंदाजीच्या उपयुक्ततेनेच दिले.

१९०६ चा विजय

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू जिमखान्याने पारशांना सामन्याचे आव्हान दिले. पारशांनी ते नाकारले. तेव्हा बॉम्बे जिमखान्याच्या युरोपियनांनी ते स्वीकारले. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झालेल्या या सामन्यात हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत संपले. हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळवला. युरोपियनांचे डाव गुंडाळण्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता आणि त्यांचे बंधू शिवराम हेही या संघात होते.

या विजयाचा अर्थ केवळ खेळापुरता राहिला नाही. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ जोर धरत असताना हिंदी लोकांनी राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले, ही गोष्ट देशभर चर्चिली गेली. त्याचबरोबर, चर्मकार समाजातील बंधू सवर्णांच्या खांद्याला खांदा लावून खेळले, या बाबीकडे समाजसुधारकांचे लक्ष वेधले गेले. इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने या विजयाकडे जातिभेद सैल होण्याच्या दिशेने पडलेले पाऊल म्हणून पाहिले. या काळापर्यंत जिमखान्यातील सहभोजनाचे निर्बंधही शिथिल झाले होते. पुढील वर्षापासून युरोपियन, पारशी व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या प्रवेशाने ती चौरंगी झाली.

बाळूंच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीच्या नोंदीही १९०५-०६ च्या याच हंगामापासून सुरू होतात. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या घरात पोहोचले होते. पूना क्लबाच्या जाळीत व त्यानंतरच्या किरकोळ सामन्यांत गेलेली त्यांच्या तारुण्यातील वर्षे या नोंदींत मोजली गेलेली नाहीत.

१९११ चा इंग्लंड दौरा

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. यात पारशी, हिंदू व मुस्लिम खेळाडूंचा समावेश होता. हिंदू खेळाडूंत बाळू व शिवराम हे दोघे बंधू होते. संघाची एकूण कामगिरी निराशाजनक झाली. खेळलेल्या १४ प्रथम श्रेणी सामन्यांपैकी १० सामने त्याने गमावले आणि केवळ २ जिंकले. कर्णधार महाराज फारच थोड्या सामन्यांत खेळले.

या अपयशात बाळूंची गोलंदाजी उठून दिसली. सर्व सामने मिळून त्यांनी १८.८४ च्या सरासरीने ११४ गडी बाद केले. त्यांपैकी ७५ गडी प्रथम श्रेणी सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले आणि ही त्यांची प्रथम श्रेणी क्रिकेटमधील सर्वोत्तम कामगिरी ठरली. संघाचे दोन्ही प्रथम श्रेणी विजय लीस्टरशायर व सॉमरसेट या कौंटी संघांविरुद्ध होते. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक झळकावले. इंग्लंडचे विख्यात डावखुरे फिरकी गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी बाळूंची तुलना होऊ लागली.

दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. या प्रसंगीचे मानपत्र तयार करण्यात त्या वेळी महाविद्यालयीन विद्यार्थी असलेल्या भीमराव आंबेडकर यांचा सहभाग होता. आंबेडकरांच्या तरुणपणी बाळू हे त्यांच्या समाजातील तरुणांपुढचे एक ठळक उदाहरण होते.

कर्णधारपदाचा प्रश्न

ज्येष्ठता व कामगिरी या दोन्ही दृष्टींनी हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे येणे स्वाभाविक होते. तथापि ते त्यांना कधीच मिळाले नाही. संघाचे कर्णधार एम. डी. पै यांनीही हा मान बाळूंचा असल्याचे एका सत्कारप्रसंगी मान्य केले होते. तरीही वर्षामागून वर्षे निवड समितीचा निर्णय बदलला नाही.

१९२० मध्ये हा प्रश्न उघडपणे पुढे आला. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेसाठी बाळूंना प्रारंभी संघातून वगळण्यात आले. पै आजारी असल्याने कर्णधारपद पुण्याचे खेळाडू दि. ब. देवधर यांना देण्यात आले. वास्तविक विठ्ठल हे त्या वेळी संघातील अग्रगण्य फलंदाज होते व अनुभवाने ज्येष्ठ होते. जातीमुळे डावलले गेल्याची भावना व्यक्त करून विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपली भूमिका वृत्तपत्रांतून मांडली. या निर्णयाला मोठा लोकपाठिंबा मिळाला. अखेर पुढील सामन्यासाठी पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि दोन्ही बंधूही परत आले. सामन्यात काही काळ पै यांनी मैदान सोडल्याने संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. हिंदू संघाच्या नेतृत्वाची त्यांना मिळालेली संधी एवढीच होती. १९२०-२१ च्या हंगामात त्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द संपली.

१९२३ मध्ये विठ्ठल यांची हिंदू संघाच्या कर्णधारपदी निवड झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या बंधूंना नाकारलेला मान अशा रीतीने धाकट्या बंधूंकडे आला. विठ्ठल यांनी पुढे माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र लिहिले.

खेळशैली व आकडेवारी

बाळू कमी धावांची धाव घेऊन सहज हालचालीने चेंडू टाकत. एकाच हालचालीतून वेगवेगळ्या वेगाचे व उंचीचे चेंडू येत असल्याने फलंदाजाला अंदाज घेणे अवघड जाई. दीर्घकाळ न थकता अचूक मारा करणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते. ते चपळ क्षेत्ररक्षक होते आणि तळाच्या क्रमांकावर उपयुक्त फलंदाजीही करत. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी १५.२१ च्या सरासरीने १७९ गडी बाद केले व १३.६९ च्या सरासरीने ७५३ धावा केल्या. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला, तेव्हा त्यांची निवृत्ती होऊन दशक उलटले होते.

राजकीय कार्य

निवृत्तीनंतर बाळूंनी सार्वजनिक जीवनात भाग घेतला. अस्पृश्यतानिवारणाच्या प्रश्नावर त्यांची भूमिका गांधीजींच्या भूमिकेला जवळची होती. १९३२ मध्ये दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघांचा प्रश्न निर्माण झाला असता ते संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहिले. येरवडा तुरुंगात गांधीजींच्या उपोषणादरम्यान २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचाही समावेश होता. ज्या शहरात त्यांना चहा वेगळ्या भांड्यात मिळत असे, त्याच शहरात हा करार झाला.

१९३३ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी हिंदू महासभेतर्फे लढवली. तीत त्यांचा पराभव झाला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध उमेदवारी दिली. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. एकेकाळी बाळूंच्या सत्कारात सहभागी झालेला विद्यार्थी आता दलितांच्या स्वतंत्र राजकारणाचा नेता झाला होता. सवर्णांच्या संस्थांत राहून स्थान मिळवणे आणि स्वतःची संघटना उभारणे असे दलितांपुढील दोन मार्ग या लढतीत समोरासमोर आले.

मृत्यू व वारसा

४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे बाळूंचे निधन झाले. जातीय व धार्मिक आधारावरील स्पर्धा बंद पडल्या, कसोटी क्रिकेटला महत्त्व आले आणि बाळूंचे नाव काही दशके विस्मरणात गेले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात पालवणकर बंधूंना मध्यवर्ती स्थान मिळाले. त्यानंतर त्यांच्या कार्याकडे नव्याने लक्ष गेले.

अधिक खेळायला मिळावे म्हणून खेळाडूने मोठा संघ सोडून दुसरीकडे जाणे आज सर्वत्र रूढ आहे. बाळूंच्या आयुष्यात पारशी क्लब, पूना क्लब, पुण्याचा हिंदू संघ, पलटण, रेल्वे व हिंदू जिमखाना असे टप्पे आले. प्रत्येक टप्प्यावर त्यांना आधीपेक्षा काही अधिक मिळाले. प्रथम जाळीत गोलंदाजी, मग सामन्यात स्थान, मग सहभोजन, मग परदेश दौरा. कर्णधारपद मात्र कोणत्याच संघाने त्यांना दिले नाही, कारण त्यांचा अडथळा संघातील स्पर्धेचा नसून जातीचा होता आणि तो संघ बदलून दूर होणारा नव्हता. तो दूर होण्यासाठी त्यांच्या बंधूंना १९२० मध्ये संघाबाहेर राहण्याचा निर्णय घ्यावा लागला.